फळ्यावरचं शून्य

३ फेब्रुवारी, सोमवार

चौकातला फळा काढून नेला त्याला आज आठ दिवस झाले. तिथे आता लोखंडी चौकट उभी केली आहे. तिच्यावर वाढदिवसाचे बॅनर लागतील. मला कुणी विचारलं नाही. विचारायलाच पाहिजे होतं असंही नाही, फळा ग्रामपंचायतीचा होता, फक्त खडू माझे होते. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी सातला स्टुलावर चढून मी तो लिहिला. कोण वारलं, कुणाची म्हैस हरवली, मोटारीची वीज दिवसा आहे की रात्री. आता सगळं मोबाइलवर येतं म्हणतात. माझे गुडघेही स्टुलावर चढत नव्हते, म्हणजे तसं बरंच झालं.

फळ्याचा कच्चा मजकूर ज्या वहीत लिहायचो तिची निम्मी पानं कोरी राहिली आहेत. कोरं पान मला बघवत नाही, म्हणून हे लिहितो. शिक्षण सातवी. चुका काढणारी नर्मदा होती, ती गेली.

सकाळची गोळी घेतली की नाही आठवत नाही. पाकिटातल्या मोजल्या, तरी खात्री वाटत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवाळीला हेमकांत त्याचा जुना लॅपटॉप इथे ठेवून गेला. "आप्पा, आईना फोटो यामा शेतस. देखत जा." मी त्याच्या बटणांवर झिरो नंबरच्या कुंचल्याने मराठी अक्षरं रंगवून घेतली आहेत, नाहीतर मला सापडत नाहीत. त्या कामाला दोन दिवस लागले. तेवढे दोन दिवस बरे गेले.

आज नर्मदेचा फोटो शोधताना भलतंच बटण दाबलं गेलं. एक काळी खिडकी उघडली. आत काही नाही, फक्त एक पांढरी रेघ लुकलुकत होती. मशीन बिघडलं असं वाटलं. हेमकांतला बंगळूरला फोन लावला.

"आप्पा, मी मीटिंगमा शे. ते टर्मिनल शे. काही व्हस नही, बंद करी द्या."

हा शब्द मी एकदाच ऐकला आहे. दोन वर्षांपूर्वी धुळ्याला डॉक्टर वॉर्डाबाहेर हेमकांतशी इंग्रजीत बोलत होते, त्यातला मला तेवढाच समजला. मी हेमकांतला विचारलं तर म्हणाला, "काही नही आप्पा, आई बरी व्हई जाई." एकविसाव्या दिवशी ती गेली. ह्या खिडकीला ते नाव कुणी आणि कशाला दिलं असेल? मी मशीन बंद करून वर पंचा टाकून ठेवला.

८ फेब्रुवारी, शनिवार

पंचा काढला. ती खिडकी पुन्हा उघडली.

काळ्यावर पांढरी अक्षरं. हा तर फळाच आहे. मी त्याला फळाच म्हणणार, तो दुसरा शब्द घरात नको.

गावाच्या नावापासून आजचा मजकूर लिहून पाहिला. 'प्रकाशा. शनिवार. मोटारीची वीज दिवसा.' प्रत्येक ओळीखाली मशीन इंग्रजीत काहीतरी कुरकुरतं. अक्षरंही धड नाहीत. वेलांटी अक्षराला सोडून बाजूला पडते, जोडाक्षराचे दोन तुकडे होतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एकदा एका रात्रीत चाळीस पाट्या लिहिल्या होत्या मी, एकीतही वेलांटी घसरली नव्हती. पण चालेल. लिहायला जागा मिळाली.

रंग नाहीत ही मात्र अडचण आहे. माझ्या फळ्याचा नियम गावातल्या न वाचणाऱ्यालाही माहीत होता. वर 'श्री' आणि तारीख लाल. वीज, पाणी पिवळं. हिरवा खडू लग्न, बारसं, निकाल, कुणी परगावाहून परत आलं त्याच्यासाठी. वाईट बातमी पांढरी, आणि तिच्याखाली संध्याकाळी ओलं फडकं फिरेपर्यंत रंगीत काही लिहायचं नाही.

हेमकांत नववीत असताना त्याचे एक गुरुजी वारले. माझ्या आधी उठून त्याने ती बातमी फळ्यावर लिहिली. पिवळ्या खडूने, कारण गुरुजी नेहमी पिवळा सदरा घालत. मी सगळ्या चौकासमोर ती पुसली. रागावलो. हातही उचलला असं नर्मदा म्हणायची, मला आठवत नाही. त्यानंतर त्याने खडूला हात लावला नाही. मला वाटायचं त्याने कुंचला धरावा. तो पुण्याला शिकायला गेला.

रंग कसे आणायचे असा निरोप त्याला पाठवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हेमकांतने उत्तरात एकच ओळ पाठवली होती. 'आज वेळ नाही आप्पा, हे लिहून बघा.' पुढे चिन्हं. उलटी तिरकी रेघ, छोटा ई, चौकटी कंस, एकतीस, छोटा एम. मग आपला मजकूर. एकतीस म्हणजे लाल, बत्तीस हिरवा, तेहतीस पिवळा.

तीन दिवस तेच लिहितो आहे. इंग्रजी अक्षरं तर मी आयुष्यभर रंगवली, अर्थ कळो न कळो, आकार चुकत नाही. दुकानाच्या पाटीवर 'अँड'चं ते वळणदार चिन्ह माझ्याइतकं कुणी काढत नव्हतं. तरी रंग येत नाही. जे लिहिलं तेच्या तेच पांढरं परत दिसतं, कंसासकट. पाटी रंगवणाऱ्याला गिऱ्हाइकाने "वर लाल अक्षरात लिही" असं सांगावं आणि त्याने पाटीवर "लाल अक्षरात लिही" एवढंच लिहून द्यावं, तसं.

फोन करायची भीती वाटते. मीटिंग असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस हेमकांतचा फोन लागला नाही. आज दुपारी बाराला सूनबाईने, काजलने, उचलला. म्हणाली, "ते झोपलेत, आप्पा." भर दुपारी? ताप असेल. तिचाही आवाज बसलेला होता. सर्दीची साथ आहे वाटतं तिकडे. हळद-दूध घ्यायला सांगितलं. बरं म्हणाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी अकराला हेमकांतचा स्वतःहून फोन. सोमवारी, कामाच्या वेळेला! काय झालं रे, मी विचारलं. पण तो म्हणाला, "काही नही आप्पा. त्या रंगनं काय व्हयनं?"

मी पडद्याचा फोटो काढून पाठवला. तो त्याने उघडून पाहिला. मग हसायला लागला. त्याचं हसणं मी नर्मदा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

"आप्पा, तुम्हीन आकडा मराठीमा लिखेल शे!"

"मंग? एकतीस म्हंजे एकतीसच ना. मराठीमा लिखं म्हनीसन तीस व्हई जास का?"

"मशीनले तुमनी मराठी येस नही, आप्पा."

आकड्यांच्या बटणांवर मीच ३ आणि १ रंगवले होते, आणि आकडा आला की भाषा बदलायचं बटण दाबून मराठीत जात होतो. मजकूर मराठी, तर हिशेबाने आकडाही मराठीच असायला हवा ना? तसं नसतं म्हणाला. इंग्रजीतला ३ आणि इंग्रजीतला १ दाबला, आणि 'श्री' लाल झाली.

लाल झाली. काळ्यावर लाल. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, कशासाठी ते माहीत नाही.

चाळीस मिनिटं बोललो. मी तीनदा म्हटलं, तुला काम असेल. तो म्हणाला, घरूनच काम आहे सध्या, असू द्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हेमकांतने एक ओळ लिहायला सांगितली आणि म्हणाला, आता हात उचला आणि बघा. मी हात मांडीवर ठेवले. पडद्यावर अक्षरं आपोआप उमटायला लागली. 'आप्पा, जेवनात का?'

घरात मी एकटा. बटण एकही हलत नव्हतं आणि अक्षरं येत होती. तो तिकडून माझ्या मशीनमध्ये उतरला होता. मी खाली लिहिलं, 'होय.' जेवलो नव्हतो, पण सांगून त्याच्या जिवाला घोर कशाला.

त्याने मला फळा लावून दिला. आता खिडकी उघडली की फळाच दिसतो, आणि मजकूर बदलायची युक्तीही शिकवली. एक म्हणजे ठळक. चार म्हणजे खाली रेघ. पाच म्हणजे लुकलुकणं. मी 'श्री' लुकलुकती केली, पण लुकलुकण्याने वीज जास्त जळत असेल असं वाटून काढून टाकली. जळत नाही म्हणतो. तरी काढली.

मग एक घोटाळा झाला. 'श्री' लाल केली तर तारीखही लाल, वीज लाल, सगळा फळा खालपर्यंत लाल. त्यावर तो म्हणाला, रंग एकदा लावला की आपोआप थांबत नाही. शेवटी तीच चिन्हं लिहून मध्ये शून्य घालायचं. शून्य म्हणजे सगळं सोडून दे, मूळ पांढऱ्यावर ये.

मी म्हटलं, हे मला कशाला सांगतोस? कुंचला न धुता पुढचं अक्षर घेतलं तर काय होतं ते मी जन्मभर पाहिलं आहे. शून्य म्हणजे कुंचला धुणं.

मग त्याने पडद्यावर लिहिलं, 'असं आमच्या सरांनीसुद्धा सांगितलं नव्हतं.'

हे वाक्य मी कच्च्या वहीत वेगळं उतरवून ठेवलं आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. केदारेश्वराला सकाळपासून रांग, तापीच्या काठावर पाय ठेवायला जागा नाही. मी गेलो नाही, अकरा वाजता हेमकांत येतो. फळ्यावर यात्रेचा मजकूर लिहून ठेवला होता.

शेजारच्या गजराबाई खिचडी घेऊन दारात उभ्या. "छगनभाऊ, येकलाच कोनासंगे बोली ऱ्हायनात? भूत-बीत लागनं का?"

"पोऱ्या शे. यामा शे," मी पडद्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी वाकून पाहिलं. काळ्यावर चार रंगीत ओळी. "यामा? बरा शे तुमना पोऱ्या. ना खाना, ना पेना," म्हणाल्या. "साबुदाणानी शे. गरम शे, खाई ल्या." हसत गेल्या. आता गावभर सांगतील.

आज एक गोष्ट केली ती इथे लिहितो, इतर कुठे नाही. हेमकांत म्हणाला होता, फळा आता पूर्ण झाला. पूर्ण झाला म्हणजे काय? उद्यापासून येणार नाही का? म्हणून तिसऱ्या ओळीतलं शून्य मी मुद्दाम काढलं. यात्रेच्या ओळीपासून खाली सगळं पिवळं झालं. मग फोन करून म्हटलं, बघ रे, पुन्हा बिघडलं.

त्याने बघितलं. म्हणाला, "शून्य ऱ्हाई गयं, आप्पा." उद्या अकराला येतो म्हणाला.

४ मार्च, मंगळवार

रोज अकरा. रोज काहीतरी चुकवतो. एकदा कंस उलटा घातला. एकदा बत्तीसच्या जागी बेचाळीस घातले तर अक्षरांऐवजी मागची जागाच हिरवी झाली, ते मला खरंच माहीत नव्हतं. चूकही नवी हवी, तीच ती केली तर त्याला कळेल. सकाळी चहा घेताना आज काय चुकवायचं ते ठरवतो. हे बरं नाही. दुकानाची पाटी मुद्दाम तिरकी लिहिणाऱ्या पेंटरला मी दारात उभा केला नसता.

हेमकांतही हल्ली इकडचं तिकडचं विचारतो. "मांगली खोली गळस का अजून?" मी म्हटलं, कौलं फिरवली, आता गळत नाही, तुला कशाला काळजी. गाडी विकली म्हणाला. "आठे गाडीनं काय काम, मेट्रो शे." शहाणपणाचं केलं. फ्लेक्सवाले एका बॅनरचे किती घेतात तेही विचारलं. त्याला कशाला हवं ते? मन रमवण्यासाठी विचारत असेल.

मागे सूनबाईचा आवाज आला, "मी निघते ऑफिसला, कुकर लावा." पूर्वी दोघं बरोबर निघायची.

१० मार्च, सोमवार

आज छाती धडधडते आहे. गोळी घेतली, मोजूनही पाहिली.

चौकात गुलाबसिंग भेटला. एसटीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बोलतो अजून मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं. लोखंडी चौकटीखाली बसला होता. मी कौतुकाने त्याला सगळं सांगितलं, रंगांचं, अकरा वाजताचं.

तो म्हणाला, "पेंटर, तुन्हा पोऱ्या काम काय करस रे, रोज तुन्हासंगे गप्पा मारस ते?"

"घरूनच काम शे त्यानं."

"घरून रे, पन काम शे ना? कंपनीवाला बठ्ठं देखतस. कोन खुर्चीवर बठेल शे, कोन बापले शिकाडी ऱ्हायना. मन्हा साडूना पोऱ्याले असंच काढी टाकं." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "तुन्हा पोऱ्यानं तसं नही व्हनार. पन तू लहान पोऱ्यागत त्याना मांगे लागू नको."

कंपनी सगळं बघते म्हणतो. पंधरा दिवस, रोज तासभर. मी चुका पेरायच्या आणि त्याने त्या वेचायच्या, तेही कंपनीच्या वेळेत. त्याची नोकरी गेली तर ती माझ्या शून्यापायी जाईल. वरती नर्मदेला काय सांगू, सोबत पाहिजे होती म्हणून?

११ मार्च, मंगळवार

अकराला अक्षरं उमटली. 'आप्पा, आज काय बिघडलं?'

मी फोनच लावला.

"काहीच बिघडनं नही. माले आते बठ्ठं येस. तू तुन्हं काम कर. रोज येवानी गरज नही."

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"बरं, आप्पा," म्हणाला. "तुमले येस ते चांगलंच शे."

आनंदाने म्हणाला असेल. एक काम कमी झालं त्याचं.

१४ मार्च, शुक्रवार

धूलिवंदन. गल्लीत पोरं रंग खेळत होती. मी दार लावून बसलो. पूर्वी सगळे म्हणायचे, छगन पेंटरला कशाला रंगवायचं, तो तर बारा महिने रंगलेलाच.

अकरा वाजले की मशीन लावून नेट जोडायची सवय गेली नाही. लावून बसतो. फळ्यावर तारीख बदलली. 'धूलिवंदनाच्या शुभेच्छा' हिरव्यात. शून्य घातलं. सगळं बरोबर. कुणी वाचणार नाही.

रेघ लुकलुकत राहिली. साडेबाराला बंद केलं.

१८ मार्च, मंगळवार

विचित्र प्रकार. सकाळी अकराला मजकूर लिहिला, फळा नीट दिसला. चहा करून आलो, खिडकी पुन्हा उघडली तर दुसऱ्या ओळीपासून खाली सगळं पिवळं. आत जाऊन पाहिलं, दुसऱ्या ओळीचं शून्य नव्हतं. मी ते घातलं होतं. घातलं होतं ना? इतके दिवस खोटं चुकवलं, आता हात आपणहून चुकायला लागले. पुन्हा घातलं. हेमकांतला कळवलं नाही.

१९ मार्च, बुधवार

आजही तेच. शून्य गेलेलं. ह्या वेळी तिसऱ्या ओळीचं.

विसरभोळेपणा असाच सुरू होतो म्हणतात. थोरल्या मामांचं असंच झालं होतं, शेवटी घरच्यांना ओळखत नव्हते. मी बसल्या बसल्या सगळ्यांची नावं म्हणून पाहिली. हेमकांत, काजल, नर्मदा, गजराबाई, गुलाबसिंग. सगळी आली.

शून्य घालून ठेवलं.

२१ मार्च, शुक्रवार

आज लिहिल्याबरोबर वहीत नोंद केली, 'शून्य घातलं, अकरा वाजून पाच.' मग परसात पाणी घालायला गेलो. परत येऊन पाहतो तर गेलेलं. म्हणजे माझं डोकं ठीक आहे, मशीन जुनं झालं. रंगाचा डबा जुना झाला की तळाला बसतो तसं काही आत बसत असेल. फोन हातात घेतला होता. शुक्रवार, कामाचा वार. ठेवून दिला.

शून्य घालायला काही कष्ट नाहीत. ते खाईल, मी घालीन.

२५ मार्च, मंगळवार

शनिवार, रविवार, काल, तिन्ही दिवस तसंच. ते खातं, मी घालतो. एकदा वाटलं, कुणाशी तरी पत्ते खेळतो आहे.

आज अकराला मशीन लावलं. फळा उघडला आणि माझ्या मजकुराखाली एक नवी ओळ होती. मी लिहिलेली नाही. पांढरी.

'कळविण्यास वाईट वाटते की, हेमकांत छगन, रा. प्रकाशा, ह. मु. बंगळूर, यांची नोकरी दि. १२ फेब्रुवारी रोजी गेली.'

मी ते तीनदा वाचलं. माझीच भाषा. अठ्ठावीस वर्षं वाईट बातमी मी अशीच लिहीत आलो, गाव आणि हल्ली मुक्कामासकट. त्याला सगळं पाठ होतं. रंग पांढरा होता. आणि आकडा मराठीत होता. मशीनला तो कळत नाही, म्हणजे तो माझ्यासाठी लिहिला होता.

आधी जे मनात आलं ते लिहितो, लाज वाटते तरी. बारा फेब्रुवारी. माझा पहिला धडा सतराचा. म्हणजे माझ्यामुळे नाही गेली. छाती हलकी झाली. आणि लगेच मागची पानं उलटली. 'ते झोपलेत, आप्पा.' आणि त्याखाली माझ्याच अक्षरात, 'सर्दीची साथ आहे वाटतं तिकडे.' हळद-दूध सांगितलं मी त्या पोरीला. रोज अकराला त्याला जायला दुसरी जागा नव्हती, आणि मी म्हटलं, रोज येवानी गरज नही. मला सोडून कुणालाही हे वाचून कळलं असतं.

फळ्यावर पुन्हा अक्षरं उमटायला लागली. थांबत थांबत. आधी एक शब्द लिहून पुसला, मग दुसरा.

'आप्पा, आते काय करू?'

फळ्यावर मी कधी अहिराणी लिहिली नाही. घरची भाषा घरात, फळ्याची भाषा फळ्यावर. पांढऱ्या बातमीखाली त्याच दिवशी रंगीत काही लिहिलं नाही. नववीतल्या पोराने लिहिलं ते पुसलं होतं मी, ओल्या फडक्याने, सगळ्यांसमोर. ते पाणी त्याच्या सदऱ्यावर उडालेलं मला आज दिसलं. हातही उचलला होता. आठवतं.

मी उठून मागची खोली पाहून आलो. रंगाचे डबे भिंतीकडे सरकवले. दोन माणसांना पुरेल. काजलची नोकरी तिकडे आहे, ती कशी काय येणार, दोघांनी असं वेगळं राहायचं का, लोक काय म्हणतील, हे सगळे प्रश्न आहेत. आखाजीचा सण महिन्यावर आला. माहेरवाशिणी येतील तेव्हा गाव विचारेल, छगनचा पोरगा कसा आला? विचारू दे. शून्य कोण खातं तेही मला अजून कळलेलं नाही. हेमकांत आला की त्याला मशीन उघडून बघायला सांगेन.

परत येऊन बसलो. रेघ लुकलुकत होती. तो तिकडे वाट पाहत होता, हे त्या रेघेवरून कळत होतं.

उलटी तिरकी रेघ. ई. चौकटी कंस. बत्तीस, इंग्रजी. एम.

'घर ये.'

शून्य घातलं नाही.

खाली अक्षरं उमटायला लागली. हिरवी.